बी दोन, डी दोन

फोनवर मुलगी ‘बी दोन’ म्हणाली आणि मी चिठ्ठीवर ‘डी दोन’ लिहिलं. एवढीच माझी कामगिरी. पण त्यापायी एका परक्या बाईंचे समोरचे सहा दात पावसाळी आभाळाच्या रंगाचे झाले.

फोन केला होता दातांच्या डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं, आणि तो वाजला माझ्या साडूंच्या कामाच्या खोलीत. मी तिथे कसा, ते सांगायला हवं. चाळीस वर्षांच्या चहानं माझे पुढचे दात जुन्या दाराच्या कडीसारखे दिसू लागले होते. डॉक्टर म्हणाले, व्हेनिअर बसवा, म्हणजे दातांवर चिनीमातीचे पातळ पापुद्रे. मग त्यांनी आकडा सांगितला आणि माझी दातखीळ बसली. एका दाताच्या पैशात आमची पहिली स्कूटर आली होती, तीही दोन चाकांसकट.

“चिनीमाती म्हणजे कपबशीचीच ना?” मी घरी येऊन म्हटलं. “अख्खी कपबशी केवढ्याला मिळते, आणि हा तर नखाएवढा तुकडा.”

“मग भावोजींना विचारा,” बायको म्हणाली. “आयुष्यभर तेच करतायत. त्यांनाच आजवर कुणी विचारलं नाही.”

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, तीस वर्षं लोकांचे दात घडवतायत. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, हे त्यावरून दात करून देतात. आम्ही सगळे त्यांना दातांचे कुंभार म्हणतो. माणसं त्यांच्या लक्षात चेहऱ्यानं राहत नाहीत. “ती हो, जिचा डावा सुळा जरा वळलाय,” असं ते स्वतःच्या सख्ख्या भाचीबद्दल म्हणाले होते. त्यांच्या स्वतःच्या पुढच्या दोन दातांत मात्र एवढी फट आहे की तिच्यातून शिट्टी वाजते. बोलणं मोजकं. खोलीही तशीच, भिंती करड्या, पडदे करडे, अंगातला डगलाही करडा. “रंगाचा डबा घेऊन येऊ का?” मी गेल्या गेल्या म्हटलं. ते म्हणाले, “लाल भिंत असली की दात लाजलेले दिसतात.”

मी चौकशीला म्हणून गेलो आणि घरच्या दरात काही जमतंय का बघायला चार दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात कामात होते, फोन वाजला, मी उचलला. मुलगी म्हणाली, त्या सहा दातांचा रंग बदलायचा आहे, कागदावरचा धरू नका. दातांच्या रंगांना अक्षरं आणि आकडे असतात. मी ऐकलं, लिहिलं, चिठ्ठी पुढे सरकवली.

त्यांनी चिठ्ठी वाचली, मग नमुन्याच्या दातांची पट्टी उचलून खिडकीशी धरली. “डी? या बाईंना डी?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “नक्की डी ना?”

“नक्की. मी काय बहिरा आहे?”

हे वाक्य मी तेव्हा हसत हसत बोललो होतो.

आठवड्यानं सहाच्या सहा दात डबीतून परत आले. बाईंच्या दातांवर नुसते टेकवून बघितले, चिकटवण्याआधीच डॉक्टरांचं डोकं फिरलं. फोनवरचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होता. आम्ही बी सांगितलं होतं, डी कुठून आलं, पुढचं काम दुसरीकडे द्यायचं का. साडूभाऊंचं निम्मं काम या एकाच डॉक्टरांचं. दराचं पुन्हा विचारायला आलेला मी खुर्चीत बसलेलो, चिठ्ठी त्यांच्या समोर, माझ्या अक्षरात. तोंड उघडायला ती उत्तम वेळ होती. मी पाणी प्यालो.

“चूक माझी,” साडूभाऊ फोनवर म्हणाले. “चार दिवस द्या. हे जमलं नाही तर खुशाल दुसरीकडे द्या.”

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. “भावोजी काही बोलायचे नाहीत,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “आपलेच दात, आपलेच ओठ. पण तुमचे ओठ कशानं चिकटलेत?”

त्यानंतरचे चारही दिवस मी तिथे हजर. मदत म्हणून गेलो, पण त्यांनी कशालाच हात लावू दिला नाही. मग बघत बसलो. पांढऱ्या पुडीत पाण्याचा थेंब, कुंचल्याच्या टोकानं एकेक थर. मुळाशी जरा पिवळसर, मध्ये दुधाळ, टोकाला जवळजवळ काचेसारखा. भट्टीत माती आकसते म्हणून दात आधी मोठा घडवायचा, भाजून निघाला की भिंगातून बघून घासायचा, की पुन्हा थर, पुन्हा भट्टी. सहावा दात तिसऱ्या दिवशी भट्टीतून निघाला तो केसाएवढी चीर घेऊनच. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला कपबशी आठवली आणि मी मान खाली घातली.

त्याच्या आदल्या दिवशी त्या बाई स्वतःच आल्या होत्या, रंग डोळ्यांसमोर ठरवावा म्हणून. वय पन्नाशीचं. दात बसवण्यासाठी डॉक्टरांनी त्यांच्या दातांचा वरचा थर आधीच घासून काढला होता, आणि घासलेला थर पुन्हा उगवत नाही, हे मला तिथेच कळलं. तात्पुरते दात लावून त्या बसल्या होत्या. लहानपणच्या विहिरीच्या पाण्यानं दातांवर तपकिरी डाग पडलेले, त्यामुळे तोंडावर हात ठेवून बोलायची सवय. हात काढायला सांगितलं की काढायच्या, बोलता बोलता परत न्यायच्या.

“माझ्यामुळे तुम्हाला दुसऱ्यांदा खटाटोप,” त्या साडूभाऊंना म्हणाल्या.

“तुमच्यामुळे नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या बाई मात्र माझ्याकडे पाहून ओळख असल्यासारख्या हसल्या, हाताआडून. मी खिडकीबाहेरचा खांब न्याहाळत राहिलो. माझा स्वस्ताईचा हिशेब त्यांच्या तोंडात जाऊन बसला होता.

चौथ्या दिवशी दुपारी डबी गेली. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. त्यांनी तेवढ्यात सगळे कुंचले धुतले, मग धुतलेले पुन्हा धुतले. चारच्या सुमाराला फोन वाजला. त्यांनीच उचलला. “हं. हं. चिकटवले? बरं.” मग जरा वेळानं, “पाठवा ना, पुढचं काम सोमवारी पाठवा,” आणि फोन ठेवून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

मी म्हटलं, “साडूभाऊ, डॉक्टरांना मी सांगतो. डी मी लिहिला. तुम्ही विचारलंत तेव्हा छातीठोकपणे नक्की म्हणणारा मीच. तुम्ही उगाच चूक अंगावर का घेतलीत?”

त्यांनी भट्टीचं बटण बंद केलं, डगला काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले,

“तुम्हाला फोनजवळ बसवलं कुणी?”