पास झालेला दोर

आमच्या साडूभाऊंचा जगातल्या कुठल्याही धडधाकट दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास नाही, हे पुरतं ठाऊक असूनही मी त्यांच्या डोंगर चढायच्या दोरानं इन्व्हर्टरची बॅटरी गॅलरीतून वर ओढून घेतली. जिना अरुंद, माझी कंबर नाजूक आणि रविवारच्या चढाईसाठी त्यांनी आमच्याकडं ठेवलेली दोराची पिशवी नेमकी डोळ्यांसमोर. मूर्खपणाला मला एवढी सोय पुरते. बॅटरी वाटेत कलली, थोडं पाणी सांडलं. मी दोर पंचानं पुसला आणि होता तसा गुंडाळून ठेवला.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिशोरकडच्या डोंगरातला एकही कडा त्यांनी सोडलेला नाही, पण खरा जीव सामानात. हेल्मेट हातातून फरशीवर पडलं, की त्यावर लाल फुली. "वरून नवंच दिसतंय की," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "माणूस बी पडल्यावर वरून नवाच दिसतो, राव." आता ही नजर डोंगरावरच ठेवतील तर ते साडूभाऊ कसले! लग्नाला गेले की नवरदेवाला भेटायच्या आधी मांडवाचे खांब हलवून बघतात. आमच्या नव्या झोपाळ्याची कडी त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशीच नापास केली आणि त्यावर टेकलेल्या गुरुजींना हाताला धरून उठवलं. एकदा कड्यावरून स्वतः निसटले, दोरानं झेललं. घरी येऊन त्या दिवशीचं सगळं सामान बाद केलं आणि स्वतः मात्र लंगडत ऑफिसला गेले.

शनिवारी ते आमच्या बैठकीत दोर तपासायला बसले. डोळे मिटलेले, सगळा दोर बोटांतून सरकतोय, मध्येच थांबून वाकवून बघतायत. माझी लेक समोर श्वास रोखून. तिची ही पहिलीच चढाई, आणि ती याच दोरावर. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "पास!" लेकीनं टुणकन उडी मारली. मलाही राहवलं नाही. चार शब्द कौतुकाचे बोलावेत म्हणून म्हणालो, "लई भारी दोर हाय तुमचा! परवा आख्खी बॅटरी एका दमात वर घेतली मी. पाणी सांडलं, तरी डाग नाय!"

"कसलं पाणी?"

"बॅटरीचंच की."

"अहो, तेजाब हाय ते!" साडूभाऊ ताडकन उभे राहिले. "डाग पडत नाय, हाताला कळत नाय. आतल्या आत खातंय दोराला."

मग खाली बसले आणि कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले. "मी पास केलता," एवढंच म्हणाले. विळी मागवली आणि चुकूनसुद्धा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून दोराचे हात-हातभर तुकडे केले. "कपडे वाळत घालायला तरी..." मी म्हणून बघितलं. "कापडं बी नाय!" लेक माझ्याशी न बोलता आत निघून गेली. आता माझी खैर नाही, असं समजून मी खाली मान घालून बसलो होतो. पण साडूभाऊंनी निघताना माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

बायको तुकडे गोळा करत होती. शेवटचा तुकडा तिनं पिशवीत टाकला. मग म्हणाली, "चारचौघांत किती वेळा डोळे वटारले असतील मी तुमच्यावर, गप्प बसा म्हणून. आता नाही वटारायची. बोलत जा तुम्ही."