दिवे उघडणारी लाल गाडी

चाकणच्या गॅरेजमध्ये मी टिकलो तो आमच्या मिस्त्रींमुळे. नाव लिहिलं तर शिवी देतील, म्हणून लिहीत नाही. तशी प्रत्येक वाक्याची सुरुवात ते शिवीनेच करतात. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की म्हणणार, "ही गाडी न्हाई राव, टीव्ही हाय!" पण नव्वदच्या दशकातली एका गिऱ्हाइकाची ती लाल, दोन दारांची जपानी गाडी आली, की साबणाने हात धुऊन मगच तिला शिवायचे. बटण दाबलं की तिचे दिवे बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे. तेवढा वेळ मिस्त्री चक्क गप्प!

त्या दिवशी तिच्या मालकाने फोटो काढायला दिवा हातानेच ओढून वर काढला. दिवा उचलणारा आतला छोटा गिअर तुटला, तर बोट माझ्याकडे. "या अडाण्याने धुताना मोडला. याला हाकला, नाहीतर गाडी पुन्हा इथे येणार नाही."

मी परभणीचा, सातवीतून शाळा सोडलेला, झोपायचोसुद्धा गॅरेजमध्येच.

"वढताना मी बघितलंय तुमाला," मिस्त्री म्हणाले. "ह्यो हितंच राहील. गाडी न्या."

"मिस्त्री, विचार करा."

"न्या म्हनलं ना!"

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते. मग माझ्यावरच खेकसले, "बघतो काय? पाना आण!"

त्या मालकाचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मिस्त्री, भंगारातून जोडावी लागली तरी तशी गाडी मी तुमच्या शेडमध्ये आणीन. तिचे दिवे पहिल्यांदा तुम्हीच उघडायचे.