आक्काचं वजन

किडनी द्यायला आक्का एका पायावर तयार होती. नडलं ते वजन. डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले आणि आठ किलो उतरवल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं स्पष्ट सांगितलं. तोवर आठवड्यातून दोनदा मी डायलिसिसला जायचं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, मी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मंगळवार पेठेत आमच्याच गल्लीत दिलेली. दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून ती पहाटे रंकाळ्याला फेरी मारायला लागली. पाऊस असो, थंडी असो, एक दिवस चुकवला नाही. महिन्याने वजन केलं तर अर्धा किलो वाढलेलं.

मी चिडलो. आजारपणात माणूस स्वार्थी होतो, मी तर फारच झालो होतो. एका सकाळी रिक्षा करून तिच्या मागोमाग गेलो. फेरी संपवून ती दुधाच्या कट्ट्यावर आली, तशी गवळीमामांनी म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा मोठा ग्लास तिच्या हातात दिला. पैसे घेईनात.

"भावाला किडनी देनार हाय आमची बाई," मी रिक्षातून उतरून पुढे झालो तसे ते मला म्हणाले. "ताकद नगं व्हय?"

चौकशी केली तर गल्लीतही हेच चाललेलं. कुणी डिंकाचे लाडू देत होतं, कुणी पांढऱ्या रश्श्याचा डबा. कौतुक करायचं म्हणजे खाऊ घालायचं, दुसरी रीत आम्हाला ठाऊकच नाही. नको म्हणणं म्हणजे तोंडावर अपमान. सगळी पेठ मायेनं माझा जीव घ्यायला निघाली होती.

घरी येऊन मी बरंच बोललो. आक्काने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तिने ग्लास परत केला. "मामा, ह्यो पोटात गेला तर माझा भाऊ मरंल." मग दारोदार जाऊन तिने हेच सांगितलं. एक भाकरी आणि भाजी, एवढ्यावर आली. बोकडाच्या जेवणाला पंगतीत वाढायची आणि स्वतः घरी जाऊन काकडी खायची. चालणं चालूच होतं. असा निग्रह मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. पाच महिन्यांत नऊ किलो उतरले. चालण्यानं दम वाढला, वजन मात्र तोंड आवरल्यानं उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नीट पार पडलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मेथी निवडताना तिने सहज सांगितलं. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. मनात भीती असेल तर अजूनही नाही म्हणता येईल, म्हणाले. घरच्यांना आम्ही रिपोर्ट जुळत नाहीत एवढंच कळवू, तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.

"मग तू काय म्हटलंस?" मी विचारलं.

"काय म्हनायचं? म्हटलं, मग दोन जोड पायताणं झिजवली कशाला?"