बाजार बंद झाल्यावर निघू

दिगू गेल्याचं त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून सांत्वनाचा एकही शब्द निघाला नाही. “सांगत होतो ना मी त्याला!” एवढंच मी ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “माका म्हायत आसा, भावजी. या तुमी.” महिना उलटून गेला तरी तो राग उतरलेला नाही. मधे वाचनालयात शोकसभा झाली, तिने तर तो वाढलाच. अध्यक्ष दिगूला जेमतेम ओळखत होते, पण त्यामुळे त्यांचं भाषण आखूड झालं नाही. दिगूचा संयम, दिगूचं धैर्य, दिगूची स्थितप्रज्ञता... शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे काहींच्या उशिरा लक्षात आलं. ज्या गुणाने माणूस मेला, त्याच गुणाचा सत्कार चालला होता.

दिगू आणि मी शाळेपासूनचे. १९९८ साली मुंबईची बँकेतली नोकरी सोडून तो मालवणजवळच्या आमच्या गावी परतला आणि पडवीला भिंत घालून तिचं ‘ऑफिस’ केलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी हा त्या ऑफिसचा गणवेश. टेबलामुळे समोरच्याला फक्त शर्ट दिसे. सकाळी वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याचे हिशेब आणि आसपासच्या लोकांची आयकराची कामं. शेअर बाजार उघडला की हिशेब बाजूला आणि नजर संगणकावर. वीज गेली की मुंबईच्या दलालाला फोन. दुपारी बाजार बंद झाला की परसाच्या टोकाला, कर्ली नदीवर, गरी घेऊन. घेतलेला शेअर तो वर्षानुवर्षं विकत नसे आणि टाकलेली गरी तासन्‌तास उचलत नसे. दोन्हींत त्याला बऱ्यापैकी यश होतं, हीच अडचण. घाबरून सल्ला विचारायला आलेल्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळे, “थांब रे जरा.” पुढेपुढे लोक ते ऐकायला कुडाळहूनही येऊ लागले. दिगूला त्या शब्दांची चटक लागली आहे, असं मला तेव्हापासून वाटायचं.

गेल्या थंडीत नदीवरून परसाची चढण चढताना त्याच्या छातीत दुखू लागलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, गोव्याला जाऊन रक्तवाहिन्यांची तपासणी करा आणि उशीर करू नका. दिगूने ते एखाद्या शेअरची खबर ऐकावी तसं ऐकून घेतलं. जायचं ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं, पुन्हा मोडलं. शेवटी एका सकाळी मीच भाड्याची गाडी घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. वहिनींनी त्याची पिशवी भरून पायरीवर ठेवली होती. साहेब शर्ट-लुंगीत टेबलाशी.

“बस रे, अन्या. बाजार बंद झालो की निघूया.”

“गोव्याचा डॉक्टर संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघत बसतलो काय?”

“आज बाजार पडताहा. अशा वेळी माणसान जाग्यावरसून हलाचा नसता.”

“आणि छातीत दुखता त्याचा काय?”

“चांगली कंपनी चार दिस खाली येता म्हणान कोण इकता रे?”

“छाती ती, शेअर नाय, मेल्या!”

तो हसला. खरंच हसला, आणि फोनवर कुणाला तरी “थांब जरा” म्हणाला. वहिनी दारात उभ्या होत्या. “ह्येंका उचलून गाडयेत घाला, भावजी,” त्या म्हणाल्या. मला ते विनोदाने बोलल्यासारखं वाटलं. चालक आंब्याच्या सावलीत झोपला. मी जुनी मासिकं चाळत बसलो. अखेर बाजार बंद झाला, दिगूने शर्ट काढून खुंटीला लावला आणि मी पिशवी उचलली. तर हा मागच्या दाराने निघालेला.

मी मागोमाग गेलो. नदीला भरती लागली होती. “पाणी चढताहा,” तो गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावत म्हणाला. “एकच गरी टाकतंय, मगे जाऊया.” मी त्याला जे काही बोललो ते इथे छापता येणार नाही. त्यावर तो पाण्याकडे बघत म्हणाला, “वरडा नको रे, मासो पळतलो.” ऊन कलंडलं. गोव्याला आता रात्रीच पोचलो असतो... आणि तेव्हा दोर ताणला गेला. दिगू उभा राहून झुंजला आणि चांगला हातभर तांबोसा काठावर आला. तो मात्र दगडावर बसून डावा खांदा दाबत होता, चेहऱ्यावर घाम. “बघितलंस? थांबलंय म्हणान गावलो.” त्या माशावर मी जेवलो नाही. पुढचा आठवडा काजू कारखान्याच्या हिशेबाचा होता, त्यानंतरचा कसलासा बाजाराचा. मग एके दुपारी, बाजार चालू असतानाच, तो खुर्चीतल्या खुर्चीत गेला.

काल वहिनींकडे गेलो होतो. ऑफिस तसंच आहे. खुंटीला शर्ट, कोपऱ्यात गऱ्या, संगणकावर टॉवेल. मी दिगूच्या खुर्चीत बसलो आणि नकळत माझाही आवाज सल्लागाराचा झाला. कागदपत्रं हळूहळू बघू, घाई नको, वगैरे. वहिनींनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “माका डाव्या डोळ्यान कायएक दिसणा नाय, भावजी.”

“कधीपासून?”

“दोन वर्सां झाली. मोतीबिंदू आसा. ह्ये म्हणायचे, जरा पिकांदे.”

शेजारच्या काकी दारात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “शैला, वर्सभर तरी खंय जाव नको गो. लोक काय म्हणतले?” मी काकींना गप्प केलं आणि वहिनींना म्हटलं, “उद्या येतो सकाळी. सावंतवाडीला जाऊन डॉक्टरांना दाखवू.”

वहिनी आत गेल्या. मला वाटलं चहा ठेवायला. बाहेर आल्या त्या लुगडं बदलून, हातात कुलूप घेऊन.

“उठा. उद्या कित्याक?” त्या म्हणाल्या. “दुपारची गाडी आजून मेळतली.”