आळशी जातीचा कुत्रा

सतरा फेब्रुवारी १९६४, सोमवार, सकाळचे सात चाळीस. पौडच्या गुरांच्या दवाखान्याच्या पडवीत ड्रेसर गेणबा स्टोव्हवर सुया उकळत बसला होता, तेव्हा कोळशाचा ट्रक फाटकाशी थांबला आणि मुळशीचे हैबतराव खाली उतरले. मागच्या फाळक्यावरून त्यांची सून जया उतरली. वरच्या माणसाने उभ्या कानांचा एक मोठा कुत्रा तिच्या हातांत दिला. कुत्रा, सून आणि सुनेचं लुगडं, सगळं कोळशाने काळं झालं होतं. हैबतरावांचं धोतर तेवढं पांढरं होतं. ते ड्रायव्हरशेजारी बसून आले होते.

गेणबाने हे एका नजरेत पाहून घेतलं आणि तो पुन्हा सुयांकडे वळला.

"डॉक्टर कुटं हायेत?"

"कासारसाईला. बुळकांडीची लस टोचाया गेल्यात. अकराला येतील."

"तवर आमी काय करायचं?"

"बसायचं. कुत्र्यानं तर सुरुवात केलीच हाय."

कुत्रा खरोखरच फाटकापासून चार पावलांवर बसला होता, मागचे पाय एका बाजूला टाकून.

गेणबाचं वय पन्नास आणि नोकरी अठरा वर्षांची. या अठरा वर्षांत त्याने तालुक्यातल्या गुरांच्या जखमा धुतल्या, खोड्यात बैल आवळले, गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला आणि मालकांविषयीचं आपलं मत पक्कं केलं. पाच दिवस गोठ्यात ठेवून मग जनावर आणायचं, 'काल सांजपतोर बरं व्हतं' असं खोटं सांगायचं आणि पाच मिनिटांत गुण मागायचा, असे ते लोक. माणसापेक्षा जनावर त्याला बरं वाटे, पण तेही फार नाही. कुत्र्याला तर तो जनावरांत धरतच नसे. जे औत ओढत नाही आणि दूध देत नाही, ते दवाखान्यात कशाला आणायचं, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

सुया बाहेर काढून झाल्यावर तो उठला. "जात कंची?"

"आळशीशन," हैबतराव म्हणाले. "पुण्याच्या क्यांपातल्या साहेबानं दिला. बोलला, राखणीला याच्यावानी दुसरी जात न्हाई. आन निगाला ह्यो. सात महिन्यांचा झाला आन बसाया लागला. उठताना कन्हतोय. पळतोय त्ये सशावानी, मागचे दोनी पाय एकदम उचलून. गावात म्हनत्यात, हैबतराव, नावातच आळस हाय तर कुत्रा तरी काय करील?"

"मग?"

"मग काय! आळस मोडाया घेतला. सायकलला बांदून रोज धरणापतोर पळवला. तरी बसतोयच. मंग गावच्या भिवाजीकडनं तापल्या सळईचा डाग दिला."

डागाच्या फुल्या गेणबाला आधीच दिसल्या होत्या. कुत्र्याच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर केस न उगवलेली, बोटाएवढी रुंद फुली होती. हे काम त्याला नवं नव्हतं. त्याचा बाप हेच करायचा. लंगडा बैल आला की सळई तापवून पुठ्ठ्यावर फुली काढायची आणि मालकाला दम भरायचा की महिनाभर याच्या मानेवर जू दिसलं तर पुन्हा माझ्या दारात उभं राहायचं नाही. बैल महिनाभर दावणीला बसून कडबा खायचा आणि चालायला लागायचा. नाव सळईचं व्हायचं. बरं करतो तो महिना, सळई नव्हे, हे गेणबाच्या लवकर ध्यानात आलं होतं. बापाला बोलून दाखवल्यावर बापाने त्याला बडवला. पुढे अठरा वर्षं त्याने तेच मालकांना सांगून पाहिलं, त्यांनीही ऐकलं नाही. चरचर आवाज आणि जळक्या केसांचा वास आल्याशिवाय विश्रांतीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

"डाग दिल्यावर महिनाभर पळवू नका, असं भिवाजी बोलला आसंल."

"बोलला व्हता. पन आळशाला बसवून ठिवला तर आनिक आळशी व्हनार, एवडं मला कळतंय की."

या गृहस्थाने सळई घेतली होती, सायकल चालू ठेवली होती आणि दोन्हींच्या मधे जो अकलेचा एक भाग होता तेवढा नेमका वगळला होता. इतकी सफाई गेणबाने बापाच्या गिऱ्हाइकांतही पाहिली नव्हती.

"आता काय पायजे?"

"आज चालता करा. न्हाई तर सांजच्याला गोळी घालतो. बंदूक परवान्याची हाय." हैबतरावांनी आवाज उतरवला. "चावडीवर मला आळशीवाले म्हनत्यात, गेणबा. आमच्या चार पिढ्यांत कुनी आमाला नाव ठिवलं न्हाई."

म्हणजे दुखत होतं ते इथे. गेणबाने कुत्र्याजवळ उकिडवं बसून त्याच्या खुब्यावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने मांडी हळूच बाहेर फिरवली. आत काहीतरी सरकलं आणि खट्कन जागेवर आलं. कुत्र्याने मान वळवून दात दाखवले, पण डोकं शेजारी बसलेल्या जयाच्या मांडीवर होतं, म्हणून चावला नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"सकाळी जास्त धरतंय का सांजच्याला?"

प्रश्न हैबतरावांना होता. त्यांना ठाऊक नव्हतं. जया सासऱ्यांसमोर बोलत नसे. पदर पुढे ओढून ती कुत्र्याशी बोलली.

"सरदार, सांग की रं. सकाळी उठताना लई जड जातंय म्हनावं. मंग चार पावलं टाकली की मोकळं व्हतंय. सायकलमागनं पळवल्यावर दोन दिस पाय खाली टेकवत न्हाई म्हनावं."

"आन पाण्यात?" गेणबाने कुत्र्यालाच विचारलं.

"पाण्यात तर तू माशावानी, सरदार. मी धरणाच्या कडंला धुनं धुवाया जाते तवा तू आपणहून उतरतोस. तितं कदी लंगडत न्हाईस. बाहीर याया तयार व्हत न्हाईस."

"ह्यो पवतोय?" हैबतराव उडालेच. "कंदीपास्नं?"

"दिवाळीपास्नं, सरदार," जया म्हणाली. "कुनी इचारलंच न्हाई आपल्याला."

गेणबा उठून हात धुवायला गेला. जे पाण्यात तासभर हातपाय मारतं ते आळशी नसतं, हे समजायला दवाखाना लागत नाही. मुळशीला मात्र लागला होता. सगळ्या गावाने एक नाव चुकीचं ऐकलं, त्यावर हसून घेतलं, आणि मग त्या हसण्यापायी एका दुखऱ्या जनावराला तीन महिने सायकलमागे पळवलं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. गेणबाला हेच जास्त किळसवाणं वाटलं.

डॉक्टर अकरा दहाला सायकलवरून आले. तरुण होते, गेणबाला त्यांच्याविषयी फारशी तक्रार नव्हती, एवढंच की ते पुस्तकी बोलत. त्यांनी कुत्र्याला चालवलं, खुबे फिरवून पाहिले आणि म्हणाले, "हिप डिस्प्लेसिया. उपजत असतो. अल्सेशियनमध्ये बराच दिसतो. खात्री करायला पुण्याला एक्स-रेचा फोटो काढावा लागेल, पण मला फारशी शंका नाही."

हैबतरावांना काही कळलं नाही. गेणबाने मधे तोंड घातलं.

"उखळ बगितलंय न्हवं? उखळ उथळ आसंल तर मुसळ बसतं का जागेवर? भात भाईर उडतंय. याच्या खुब्याची वाटी तसली हाय. हाड जागेवर ऱ्हात न्हाई, घासतंय. तुमी सायकल लावून आनिक घासवलं."

"मग वाटी खोल करा की."

"ते होत नाही," डॉक्टर म्हणाले. "परदेशात हल्ली मांडीच्या हाडाचा गोळाच कापून टाकतात. मुंबईला कुणी करत असेल तर मी पत्र टाकून विचारीन. पण तीस किलोच्या कुत्र्याला ते कितपत मानवेल, सांगता येत नाही. डाग पुन्हा द्यायचा नाही. पळवणं बंद, उड्या बंद. खाणं कमी करा, अंगावर चरबी नको. ऊन पडल्यावर दहा मिनिटं पोहू द्या, बाहेर आला की कोरडा करा. दुखेल त्या दिवशी पोटभर खाल्ल्यावर मी देतो ती अर्धी गोळी, उपाशीपोटी कधीच नाही. आणि याची पैदास करायची नाही."

"म्हंजी बरा व्हनार न्हाई?"

"नाही. पण नीट ठेवलात तर बरीच वर्षं जगेल."

न बरं होणाऱ्या जनावराचं काय करायचं, याचं उत्तर हैबतरावांकडे येतानाच तयार होतं. जयाने कुत्र्याच्या गळ्यातली दोरी हाताला दोन वेढे देऊन धरली.

गेणबाने रजिस्टर उघडलं. जनावराच्या रकान्यात कुत्रा, वय अकरा महिने, जातीच्या रकान्यात सावकाश, ठळक अक्षरांत अल्सेशियन. हैबतराव चौथी शिकलेले होते. त्यांनी वाकून अक्षरं लावली.

"अ-ल्-से... ह्ये आळशी न्हवं?"

"न्हवं. परदेशातल्या एका मुलखाचं नाव हाय. आळशी तुमच्या गावानं केलं."

"आन ह्यो आजार? इंग्रजीच हाय?"

"इंग्रजीच हाय. मुंबईला पत्र धाडावं लागतंय त्याच्यापायी. साध्या कुत्र्याला व्हत न्हाई."

शेवटचं वाक्य गेणबाने मुद्दाम घातलं, आणि ते कुठे जाऊन बसतं ते पाहिलं. हैबतरावांची पाठ ताठ झाली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी कुत्र्याकडे मालकाच्या नजरेने बघितलं.

"डॉक्टरसाहेब, त्ये नाव एका कागदावर लिवून द्या. मराठीतनं बी आन इंग्रजीतनं बी. चावडीवर दावतो एकेकाला. आळशी म्हनत्यात भडवे!"

डॉक्टरांनी हसत लिहून दिलं. हैबतरावांनी कागदाची चौघडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि सुनेवर ओरडले, "अगं, उन्हात काय बसवलायस त्याला! सावलीत घे!"

जयाने कुत्र्याला उचलून सावलीत नेलं. गेणबाने पेन पुसून ठेवलं. या माणसाला ना कुत्र्याच्या हाडाची पर्वा, ना दुखण्याची. उद्या चावडीवर तो त्या कागदाची मिरवणूक काढणार आणि ज्या आजाराचं नाव त्याला नीट उच्चारताही येत नाही त्याचा गर्व करणार. तेवढ्या गर्वापायी कुत्रा वाचला. यापेक्षा बऱ्या कारणाची गेणबाने माणसांकडून अपेक्षा सोडून दिली होती, म्हणून त्याला वाईट वाटलं नाही.

दुपारी दीडला रिकामा ट्रक परत मुळशीकडे निघाला. या वेळी कुत्रा ड्रायव्हरशेजारी, हैबतरावांच्या मांडीवर होता. जया मागेच बसली.

उद्या मंगळवार. ऊन वर आल्यावर, नऊ वाजता, जया धुणं घेऊन धरणाच्या कडेला जाईल. कुत्रा दहा मिनिटं पाण्यात राहील.