आखाजीच्या सुट्टीत अडलेलं मशीन

मशीन अडलं की माणसं आधी माणूस शोधतात. शेवटी हात कोणी लावला, खोलीत कोण शिरलं होतं, कुणाची नजर लागली. काय अडलंय हे बघायची पाळी त्यानंतर येते, तीही आली तर. माझा स्वभाव पहिल्यापासून उलटा. काल चालत होतं ना? मग कालपासून आजपर्यंत काय बदललं तेवढं सांगा, बाकीचं पुराण मला नको. या एका प्रश्नावर मी पुढं जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी ऑफिसांतली बंद पडलेली कामं सुरू करून दिली. लोक म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. हाताला गुणबिण काही नव्हता. मी फक्त न चिडता विचारत होते, आणि न चिडता विचारणं हे माझ्यासारख्या तिखट बाईला किती अवघड असतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

नव्वद सालच्या आसपास मी चोपड्याला केळीवाल्यांच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर बसायचे. सासर चोपड्याचं, माहेर दोंडाईच्याजवळच्या खेड्यातलं. संस्थेचं काम म्हणजे केळीच्या गाड्यांचे नंबर लावणं. आज कुणाच्या मळ्यात कापणी, कुणाच्या बांधावर कुठली गाडी लावायची, हे आधी एक कारकून ठरवायचा आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. मशीन कुणाचं भाऊबंद नव्हतं, म्हणून त्यानं लावलेला नंबर सगळे मुकाट्यानं मानायचे. उन्हाळ्यात तर या नंबरांवर सगळं अवलंबून. घड एकदा कापून बांधावर टाकला की तो कुणाची वाट बघत नाही.

संस्थेत एक संचालक होते, त्यांना मी त्या खुर्चीत बसलेली पहिल्या दिवसापासून खुपत होते. वाईट माणूस नव्हता. बायामाणसांना सणवार असतात, घरचं असतं, तेव्हा जळगावहून एखादा कायमचा बसणारा पुरुष आणावा, एवढंच त्यांचं म्हणणं. हे म्हणणं ते दर मीटिंगला मांडायचे. त्यामुळं नोकरी लागल्यापासून मी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेलेच नव्हते. आपल्याकडं दिवाळी हुकली तर चालते, पण आखाजीला लेक आली नाही तर आईला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. घराघरातल्या पोरी निंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि आपल्या ओट्यावर कुणी नाही, हे माझ्या आईनं तीन वर्षं सोसलं.

चौथ्या वर्षी मी रजा मागितली आणि भांडून घेतली. संचालकांनी अट घातली की काम अडलं तर मिळेल त्या गाडीनं परत यायचं, नाहीतर पुढच्या मीटिंगला दुसऱ्या माणसाचा विषय घेऊ. मी चालेल म्हटलं. कारण माझ्या जागी नाना बसणार होते. नाना म्हणजे संस्थेचे तेच जुने कारकून, साठीला टेकलेले, इंग्रजी अक्षरं ट्रकच्या पाट्यांवरून शिकलेले. मशीनमध्ये गाडीचं नाव घालणं त्यांना मी शिकवलं होतं आणि ते त्यांना छान जमायचं. मशीन चालू ठेवलं, प्रोग्राम उघडून ठेवला, वीज गेलीच तर बॅटरीची सोय होती. नानांना म्हटलं, बंद तेवढं करू नका, बाकी काही करा.

आखाजी छान झाली. खापरावरच्या पुरणपोळ्या, रस, झोका, आणि माझ्या बेसूर आवाजाला दाद देणाऱ्या माझ्याच वयाच्या तीन-चार सासुरवाशिणी. रात्री आई माझ्या पायाला तेल लावून देत होती आणि मी लाडावलेल्या मांजरीसारखी पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून गेल्यावर पोस्ट चालवणाऱ्या आबांची सून धावत आली. गावातला एकुलता एक फोन आबांच्या ओसरीत होता, आणि चोपड्याहून माझ्यासाठी फोन होता.

ओसरीत पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजीचे पत्ते दोन-दोन दिवस चालतात, त्यामुळं तिथं गावातले अर्धे पुरुष होते. माझ्यामागून झोक्यावरच्या बाया आल्या. म्हणजे उरलेलं अर्धं गावही आलं. मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडं नाना.

“बाई, मशीन जागं व्हस, पन आपलं काम काही उघडत नही.”

मी विचारलं, बंद का केलं होतं? तर नानांनी सांगितलं ते असं. सणाचं ऑफिस दुपारीच बंद झालं. नानांनी खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं, आणि निघता निघता मेन स्विच पाडला. बॅटरीचंही बटण दाबून टाकलं. उन्हाळ्यात घर बंद करून बाहेरगावी जायचं तर आगीच्या भीतीनं मेन स्विच पाडल्याशिवाय आपल्याकडच्या माणसाचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मागं अंगणात वाळलेल्या केळीच्या पाल्याचा ढीग असला तर नाहीच नाही. नानांनी तीस वर्षं घर असंच बंद केलं होतं. त्याला मी चूक कशी म्हणणार?

तेवढ्यात संचालकांनी फोन ओढून घेतला. त्यांचं निदान तयार होतं: व्हायरस. पेपरात नुकतंच कुठंतरी वाचलेलं. पाच शेतकऱ्यांचे घड कापून पडलेत, गाड्या दारात उभ्या, आधी मी म्हणून ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर चाललेत, तुम्ही बाराच्या एसटीनं निघा. शिरपूरला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत पोचाल. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत केळी काळी पडतील, तुम्ही फोन नानांकडं द्या आणि तुम्ही जरा पाणी प्या. ओसरीत कुणीतरी हसलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नव्हती. राग आला होता. मशीनचा नव्हे, त्या बाराच्या एसटीचा. आदल्या रात्रीचं तेल अजून पायाला होतं. मी गेले असते तर पुढच्या वर्षी रजा मागायला मला तोंड उरलं नसतं, आणि न जाता काम अडून राहिलं असतं तर नोकरीच उरली नसती. यातून वाट एकच होती. इथं बसून ते मशीन सुरू करायचं.

नानांना म्हटलं, तुम्ही आता काही ठरवू नका, काही अंदाज करू नका. मशीन बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा, आणि पडद्यावर येईल ते अक्षर न् अक्षर मला वाचून दाखवा. नाना वाचायला लागले. एकेक अक्षर, ट्रकचा नंबर वाचावा तसं. आकडे मोजून झाले. कंपनीचं नाव झालं. पत्त्याचा डाव थांबला होता आणि आबा नानांचं प्रत्येक अक्षर ऐकू येत असल्यासारखी मान हलवत होते.

“मंगळवार, एक, एक, ऐंशी,” नानांनी वाचलं. “आते ते नवी तारीख मांगी ऱ्हायनं.”

“सकाळी मांगी तवय काय दिधं?” मी विचारलं.

पंधरा तारीख, पाचवा महिना, असं त्यांनी रीतसर दिलं होतं. मशीननं ते नाकारलं आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच दिलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी काहीच न लिहिता एंटर दाबलं आणि मशीन गप्प बसलं. एकच गोष्ट कुणी तिसऱ्यांदा विचारली की हां हां म्हणून पुढं सरकायचं, ही नानांची घरातलीही रीत होती. त्यांच्या बायकोनं मला ती ऐकवली होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या जुन्या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं. बंद करून चालू केलं की ते सगळं विसरून ऐंशी सालच्या पहिल्या तारखेला जाऊन बसायचं आणि आपल्याला तारीख विचारायचं. ही तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी द्यावी लागे. मी ती रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता देऊन टाकायचे, दात घासल्यासारखी. नानांनी दिवस आधी दिला, मशीनच्या लेखी तो पंधरावा महिना झाला, आणि पंधरावा महिना त्याला कुठून मिळणार? मग नानांनी एंटर दाबलं तेव्हा त्यानं ऐंशी सालच पक्कं धरलं. आता आमचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एक कुलूप घालून ठेवलं होतं. मागची तारीख टाकून कुणी आपली गाडी पुढं घुसवू नये म्हणून, शेवटच्या गाडीच्या आधीची तारीख दिसली की प्रोग्राम उघडायचाच नाही. का उघडत नाही हे सांगायचाही नाही. मुकाट्यानं बंद व्हायचा. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेला तो उघडणार कसा? ऐंशी साली आमची संस्था नव्हती, तो प्रोग्राम नव्हता, आणि मी गल्लीत लंगडी खेळत होते.

मी नानांना म्हटलं, पाच आधी. मग आडवी रेघ, मग पंधरा, मग रेघ, मग साल. नानांनी टाइप करायला घेतलं. आणि फोन तुटला.

मी रिसीव्हर आपटला, उचलला, नंबर फिरवला. काही नाही. चोपड्याला लाइन लागेना. तेवढ्यात चावडीकडून हॉर्न ऐकू आला. बाराची एसटी आली होती. ओसरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबा म्हणाले की कंडक्टर ओळखीचा आहे, दोन मिनिटं थांबवतो. मी त्यांना म्हटलं, थांबवू नका. मला माहीत होतं की मी बरोबर आहे. नाना टाइप करतीलच, हेही मला माहीत होतं. त्यांना सांगितलेलं ते गळ्यात ताईत बांधल्यासारखं जपतात.

फोन वाजला तेव्हा एसटी अजून चावडीशीच होती.

“उघडनं, बाई,” नाना म्हणाले. “बठ्ठ्या गाड्या दिखी ऱ्हायन्यात.”

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्या गाड्या दिसताहेत, आणि ओसरीत कुणीतरी पत्ते टाळीसारखे आपटले. मी नानांना पहिल्या गाडीचं नाव विचारलं, दुसरीचं विचारलं, बरोबर होतं. मग पुन्हा संचालक. ते खूश होते, पण त्यांचं म्हणणं होतं की तरी तुम्ही निघाच. उद्या पुन्हा अडलं तर? माणूस जागेवर असलेला बरा. हे त्यांनी दोनदा सांगितलं. एसटीचं इंजिन मला ऐकू येत होतं.

“उद्या अडलं तर उद्या फोन करा,” मी म्हटलं. “मी सोमवारी येईन. आज येणार नाही.”

मी फोन ठेवला. माझ्या आयुष्यात मी अनेकांना अनेक गोष्टी ऐकवल्या आहेत, पण तेवढं साधं वाक्य एवढ्या शांतपणे मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

सोमवारी गेले, तर नानांनी तारीख कशी द्यायची ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनला बांधलं होतं. मीटिंगला दुसऱ्या माणसाचा विषय निघाला, तेव्हा नाना उभे राहून म्हणाले की मशीन आमच्या दोघांवर चालतं, तिसरा कशाला? त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मी तिथं आणखी सहा वर्षं काढली आणि एकही आखाजी चुकवली नाही.

पण त्या दुपारी मी ओसरीतून खाली उतरले तेव्हा पायरीशी माझी आई उभी होती. तिच्या हातात माझी पिशवी. साड्या घडी करून भरलेल्या, वर वाटेत खायला पुरणपोळ्यांचं फडकं, कडेला लोणच्याची बरणी. चोपड्याचा फोन एवढं कानावर पडल्याबरोबर ती आत गेली होती आणि कुणालाही काही न विचारता तिनं माझं सामान बांधलं होतं. एसटी धूळ उडवत गेली तरी पिशवी तिच्या हातातच.

“माले वाटनं, तू जाशी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “नही जात, माय. चार दिन आठेच शे मी.” इथंच, तिच्याजवळ.

आम्ही घराकडं निघालो. मग चालता चालता तिनं सांगितलं की तिच्या लग्नानंतर दर आखाजीला, दुसऱ्या दिवशी, तिच्या माहेरच्या दारात सासरची बैलगाडी येऊन उभी राहायची. कधी म्हैस पान्हावत नाही म्हणून, कधी सासूचं डोकं दुखतं म्हणून. आणि ती झोक्यावरून उतरून, जेवण अर्धं टाकून, गाडीत जाऊन बसायची. किती वर्षं, हे तिनं सांगितलं नाही. मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, तर तिनं ती सोडली नाही.

“आठूनच ‘नही’ सांगता येस,” ती म्हणाली, “हाई माले कधी कोनी सांगंच नही.”