लाइन एंगेज होती

बाबा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने रत्नागिरीत. घरी आले की पहिले आठ दिवस ते पाहुण्यासारखे असत. चॉकलेटं, साबणाच्या वड्या, आईला अत्तर. नवव्या दिवशी पट्टा निघे. मला चपला वाकड्या ठेवल्याबद्दल, आईला आमटी खारट झाल्याबद्दल. तीन महिने सोसायचं, मग बोट त्यांना घेऊन जाईल, अशी आमच्या घराची व्यवस्था होती.

शतक संपता संपता ती मोडली. जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली, मोर्सची गरज उरली नाही, आणि रेडिओ ऑफिसर हे पदच रद्द झालं. बाबा घरी बसले. आता बारा महिने.

मी तेव्हा पॉलिटेक्निक संपवून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. जुने भाग जोडून मी माजघरात एक कॉम्प्युटर उभा केला होता. परदेशातल्या काही मंडळींनी नेटवरून डेटा पाठवायचा एक नवा प्रोटोकॉल, म्हणजे दोन मशीनांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, तयार करून सगळ्यांना खुले केले होते. सर्व्हर त्यांनी लिहिला होता. समोरच्या बाजूची, क्लायंटची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहायला माणूस हवा होता. म्हणजे मग कुणालाही ती आपल्या प्रोग्राममध्ये फुकट वापरता आली असती. मी त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या मेलवर, कळवलं, ‘मी लिहितो.’ घरात कुणालाही न विचारता केलेली माझी ती पहिली गोष्ट.

प्रकल्प सांभाळणारे गृहस्थ एका थंड देशात राहत. त्यांची लाइन इतकी चांगली की डेटाची पाकिटं वाटेत हरवतच नसत. आमची फोनची तार माडांमधून लोंबकळत आलेली. आमच्याकडे पाकिटं सर्रास हरवत. म्हणून एक चूक मला एकट्यालाच दिसली. चार पाकिटं गहाळ झाली की माझी लायब्ररी सगळीच्या सगळी पुन्हा एकदम पाठवत सुटे, आणि आधीच अडलेली लाइन पार गुदमरे. ते दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. एका दुपारी बाबा बंदरावर गेले होते, तेव्हा मी फोनची वायर मोडेमला लावली आणि दुरुस्त केलेला कोड तपासून प्रकल्पाच्या सर्व्हरवर चढवायला बसलो.

बाबांना मुंबईहून बोटींवर माणसं भरणाऱ्या एजंटचा फोन येणार होता. एका मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिकलचं काम मिळण्याची आशा होती. हे मला ठाऊक होतं, आणि मोडेम चालू असेपर्यंत फोन लागणार नाही हेही. दहा मिनिटांत उठतो म्हणून बसलो आणि तीन तास उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी पूर्णगडहून बाबांचे एक जुने सोबती आले. ओटीवर बसून चहा पिता पिता म्हणाले, “अरे, होतास कुठे तू? एजंट दुपारभर फोन लावत होता. लाइन एंगेज. शेवटी त्याने दुसऱ्याला घेतला. काल जॉइनसुद्धा झाला तो.”

“असं होय,” बाबा म्हणाले. त्यांनी सोबत्याला आणखी एक बिस्किट घ्यायचा आग्रह केला. अंगणाच्या गडग्यापर्यंत पोचवायला गेले. काहीतरी बोलून हसलेसुद्धा. परत येताना पडवीतल्या खुंटीवरची कोयती घेऊन आले.

पहिला घाव मॉनिटरवर. काच फुटल्याचा आवाज मी कधीच इतक्या जवळून ऐकला नव्हता. चुरा माझ्या केसांत आला. मग कॅबिनेटवर, एक, दोन, तीन, पत्रा चिरत. मग माझ्याकडे वळले.

“अहो, नको! पोरगा आहे तो!” आई धावत मध्ये आली आणि तिने उजव्या हाताने कोयतीचं पातंच धरलं.

रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं तेव्हा कुठे ते तिला दिसलं. दाराशी नारळ सोलायची लोखंडी पहार होती. मी ती उचलली आणि बाबांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं हाताला कळतं, पहारीतून कळतं. कोयती पडली. बाबा गुडघ्यांवर बसले आणि मनगट पोटाशी धरून त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. तिथे थांबायला हवं होतं. मी पुन्हा मारलं, खांद्यावर. पहिला फटका आईसाठी होता असं मी अजून स्वतःला सांगतो. दुसऱ्याचं काहीही सांगता येत नाही. मला बरं वाटलं होतं.

एकाच रिक्षातून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मी मध्ये. एका बाजूला पंचा गुंडाळलेला आईचा हात, दुसऱ्या बाजूला प्रत्येक खड्ड्याला कण्हणारे बाबा.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“माडाची झावळी पडली अंगावर,” आई म्हणाली.

“दोघांच्या?”

“हो.”

“झावळीने तळवा कापला?”

आईने हात पुढे केला. डॉक्टर टाके घालू लागले.

मी घर सोडलं आणि क्लासच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. माझ्या मशीनवरचं सगळं गेलं होतं, पण त्या दुपारी वर चढवलेला कोड शाबूत होता. सकाळी पहिली बॅच यायच्या आधी मी क्लासच्या कॉम्प्युटरवर बसे आणि तिथून पुढे लिहीत असे. वर्षभरात लायब्ररी नीट चालू लागली. बाबांनी आईवर पुन्हा हात उचलला नाही. मनगट वाकडंच जुळलं होतं. पुढे ते नाटे बंदरावर जाऊन मच्छीमारांच्या होड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करू लागले, डाव्या हाताने. आम्ही बोलत नव्हतो.

लायब्ररी वापरणारे वाढले तशा इतरांच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. दूरच्या देशातल्या एका विद्यार्थ्याने एक पाठवली. चूक होती, पण बारीकशी. दोन ओळींत समजावता आली असती. मी लिस्टवर, सगळ्यांसमोर, पानभर उत्तर लिहायला घेतलं. शेवटचं वाक्य होतं, ‘असला कोड लिहिणाऱ्याची बोटं मोडून ठेवायला हवीत.’

त्याच वेळी आई डबा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली.

“कुणाला मारतोयस?” तिने विचारलं.

“कुणाला नाही. पत्र लिहितोय.”

“आरशात तोंड बघून ये जा.”

मी आरशाकडे गेलो नाही. तिच्यासमोरच मेल पाठवून दिला आणि जेवायला बसलो. तिने डब्याचं झाकण डाव्या हाताने उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या थंड देशातल्या गृहस्थांचा मला एकट्याला मेल आला. तुमच्या कामाबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण पुन्हा असं लिहिलंत तर तुमची लायब्ररी आम्ही दुसऱ्याकडे सोपवू. इतक्या शांतपणे मला तोपर्यंत कुणी दटावलं नव्हतं. मार नाही, शिवी नाही. तरी माझे कान तापले. दिवसभर शिकवताना खडू हातात मोडत राहिला. संध्याकाळी मी त्या विद्यार्थ्याची माफी मागितली, लिस्टवरच, सगळ्यांसमोर. उत्तर आलं नाही.

पहिली पक्की आवृत्ती निघाली तेव्हा मदत करणाऱ्यांची यादी सोबत जोडायची होती. त्या विद्यार्थ्याचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं. वाटलं, दिसेल त्याला.

त्याला दिसलं. आठवड्याने मेल आला: ‘कृपया माझं नाव यादीतून काढावं.’ बाकी काही नाही.

मी काढलं.